दुकानाचा कॉम्प्युटर: स्लीप, हायबरनेट की शटडाऊन?

व्हिडिओत घाईत सांगितलं, इथे नीट लिहितोय.

मी दुपारी कॉम्प्युटर स्लीपवर टाकून जेवायला जायचो. एकदा मधेच लाईट गेली आणि सेव्ह न केलेल्या खरेदीच्या एन्ट्र्या उडाल्या. सगळी बिलं पुन्हा काढून बसलो.

असं का झालं? स्लीपमध्ये चालू काम रॅममध्येच राहतं आणि रॅमला वीज लागते. हायबरनेटमध्ये तेच काम डिस्कवर लिहून कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो.

फायदे
- लाईट गेली तरी उघडं काम जसंच्या तसं परत मिळतं.
- वीज जवळपास लागतच नाही.

तोटे
- सुरू व्हायला स्लीपपेक्षा वेळ लागतो. जुन्या हार्ड डिस्कवर तर जास्तच.
- डिस्कवर जागा अडते. ८ जीबी रॅम असेल तर साधारण ३ जीबी धरा.
- रीस्टार्ट लागणारे अपडेट अडकून राहतात.
- बिलिंगचा डेटा याच कॉम्प्युटरवर असेल तर दुसऱ्या काउंटरचं काम थांबतं.

मेनूत हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडे पॉवर बटणांची सेटिंग आहे, तिथे टिक करा.

माझा नियम सांगतो. दुपारी हायबरनेट, रात्री शटडाऊन, आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. पण उठण्याआधी सेव्ह कराच, आणि रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. डिस्कच गेली तर हायबरनेट काही वाचवणार नाही!