मॅक्युलकचा क्लाउनफिश घरी पाळायचा तर

क्लाउनफिश म्हटलं की नारिंगी अंगावरचे तीन पांढरे पट्टे डोळ्यांसमोर येतात. आजचा मासा तसा अजिबात नाही. तो काळपट तपकिरी, वयात आल्यावर जवळजवळ काळा. गालावर एक पांढरा पट्टा आणि शेपटी पांढरी. ऑस्ट्रेलियातले मत्स्यतज्ज्ञ अ‍ॅलन मॅक्युलक यांचं नाव त्याला १९२९ मध्ये मिळालं.

हा दुर्मीळ का? तर त्याचं घरच एवढंसं आहे म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे सहाशे किलोमीटरवर लॉर्ड हाऊ बेट आहे. मुख्यतः तिथली खाजण आणि उत्तरेकडचे एलिझाबेथ व मिडलटन हे दोन प्रवाळखडक, एवढाच त्याचा मुलूख. क्लाउनफिशची पिल्लं साधारण दीड-दोन आठवडेच प्रवाहाबरोबर वाहतात, मग त्यांना समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोनी, सापडावंच लागतं. त्यातही हा मासा निसर्गात बबल-टिप या एकाच जातीच्या समुद्रफुलात राहतो. उन्हाळ्यात पाणी तापून ती फुलं पांढरी पडली, की ह्याला दुसरीकडे जायला जागा नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचाच नाही. बंदिस्त पैदाशीतला मिळाला तर ठीक, नाहीतर साधा क्लाउनफिश काय वाईट आहे?

आता टाकीकडे वळू. इथे बहुतेकांची गाडी तापमानावर अडते. लॉर्ड हाऊभोवती जगातले सर्वांत दक्षिणेकडचे प्रवाळखडक आहेत. तिथलं पाणी हिवाळ्यात वीस अंशांच्याही खाली जातं. आपल्याकडे मे महिन्यात नुसत्या खोलीतलं पाणी तिशी ओलांडतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो, असा दोन्हीकडून मार. आम्ही बावीस ते चोवीस अंश धरा असं सांगतो. पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात हे खरं, कारण बाष्पीभवन होतं. पण मुंबईच्या पावसाळ्यात हवाच दमट, बाष्पीभवन होणार कुठून? तेव्हा चिलर हवाच. वीजबिलाचा हिशेब मासा आणण्याआधी करा. आणि पाणी आटलं की वरून आरओचं गोडं पाणी घाला, खारं नाही. मीठ उडून जात नाही, टाकीतच राहतं.

जोडी कशी लावायची? सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. गटातला सर्वांत मोठा मादी होतो, त्याच्याखालचा नर, बाकीचे वाढ आवरून बसतात. मादी गेली तर नराचीच मादी होते. उलटा प्रवास मात्र होत नाही. म्हणून दोन मोठे मासे आणले, तर त्या दोन माद्या निघू शकतात आणि मग मारामारी. एक थोडं मोठं, एक लहान अशी दोन पिल्लं आणावीत. तिसरा नको. आणि दुसऱ्या जातीच्या क्लाउनफिशबरोबर जोडी लावून वेगळा रंग काढायचा मोह टाळा. एवढ्या लहान मुलखातल्या माशाची शुद्ध वंशावळ बंदिस्त पैदाशीत तरी टिकायला हवी.

समुद्रफूल लागतंच का, हे नेहमी विचारलं जातं. बंदिस्त पैदाशीतल्या माशाला ते नसलं तरी चालतं. हौस असेल तर टाकी मुरू द्या, निदान सहा महिने. समुद्रफूल चालतं बरं का! जागा आवडली नाही की सरकत सरकत थेट लाटा करणाऱ्या पंपाच्या पात्यात जातं आणि त्याच्या चिंध्यांनी सगळी टाकी नासते. पंपाला जाळी बसवा. खडक बांधणाऱ्या जिवंत प्रवाळांचं म्हणाल, तर भारतात २००१ पासून त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. नुसते खडक रचलेल्या टाकीतही ही जोडी एखादा कोपरा धरते, दगड साफ करते आणि त्यावर अंडी घालते. त्यांना पंख्यानं वारा घालावा तसं कल्ल्यामागच्या परांनी पाणी देत बसतो तो नरच.