भरल्या घरट्यातला आजार

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन हे वाळवंटी शहर आहे. वस्ती वाढली तशी तिथल्या लोकांनी अंगणात झाडं लावली, पाण्याची सोय केली, पक्ष्यांसाठी दाणे टांगले. त्यावर होल्यांचे थवे जमले आणि होल्यांमागोमाग कूपर्स हॉक शहरात आला. हा आपल्या शिक्र्याचाच भाऊबंद, अंगानं जरा थोराड. निलगिरीच्या उंच झाडांवर त्याची घरटी दिसू लागली. रानातल्या जोड्यांपेक्षा शहरातल्या जोड्यांना शिकार सहज मिळत होती, पिल्लांना घासही वारंवार मिळत होता. तरीही १९९०च्या दशकात क्लिंट बोल आणि विल्यम मॅनन यांनी घरट्यांचा माग ठेवला, तेव्हा शहरातली निम्म्याहून अधिक पिल्लं उडण्याआधीच दगावत असल्याचं आढळलं.

खाऊन-पिऊन सुखी असलेलं पिल्लू आजाराला तोंड देतं, हा समज बऱ्याच अंशी खरा आहे. प्रतिकारशक्ती उभारायला प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते. शिकारी पक्ष्यांची अंडी बहुधा एकाच दिवशी फुटत नाहीत. थोरलं पिल्लू आधी वाढतं, आधी खातं. टंचाईच्या वर्षी धाकटं मागे पडतं आणि त्याची फरफट रक्तातही उतरते. हे तपासायची एक साधी रीत आहे. पंखाच्या पातळ कातडीत घेवड्यापासून काढलेलं एक प्रथिन टोचायचं आणि दुसऱ्या दिवशी सूज किती आली ते मोजायचं. सूज चांगली आली, तर शरीर तत्परतेनं प्रतिसाद देतंय असं मानतात. मला मात्र या एका आकड्यावर फार भिस्त ठेवणं पटत नाही, आणि टूसॉनची पिल्लं हे त्याचं मोठं कारण आहे. त्यांना अन्नाची ददात नव्हती. रोग त्या अन्नातूनच येत होता.

ट्रायकोमोनास गॅलिनी हा एकपेशीय परजीवी होले-कबुतरांच्या तोंडात आणि अन्नपिशवीत राहतो. मोठ्या पक्ष्यांना त्याचा सहसा त्रास होत नाही, पण पिल्लांना भरवताना तो पुढच्या पिढीत जातो. शहरातल्या कूपर्स हॉकच्या आहारात निम्म्याहून जास्त वाटा होल्यांचा होता, शहराबाहेर तो नगण्य. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत शहरातली ८५ टक्के पिल्लं बाधित निघाली, शहराबाहेरची ९ टक्के. बाधा वाढली की पिल्लाच्या तोंडात चक्क्यासारखा घट्ट, पिवळट थर धरतो. तो घशाकडे सरकतो, गिळणं बंद होतं. आई घास घेऊन समोर उभी असते आणि पिल्लू उपाशी मरतं.

तोच होला आईबापही खातात. मग ते कसे तगतात? पिल्लाची स्वतःची फौज तयार व्हायला वेळ लागतो, हे एक कारण. सुरुवातीची शिदोरी आईची असते: तिच्या रक्तातली प्रतिपिंडं बलकातून पिल्लाला मिळतात आणि हळूहळू ओसरतात. पुढे स्वतःची प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी अवस्करापाशी असलेल्या एका छोट्या पिशवीत घडतात. फॅब्रिशियसची पिशवी म्हणून ती पूर्वीपासून ठाऊक होती, पण तिचं काम कळायला १९५६ साल उजाडलं. ब्रूस ग्लिक यांनी ती काढून टाकलेल्या कोंबड्यांमध्ये प्रतिपिंडं नीट तयारच होईनात.

दुसरं कारण टूसॉनमध्येच सापडलं, आणि ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. २०१० आणि २०११ मध्ये शेकडो कूपर्स हॉकच्या तोंडातल्या ओलाव्याचा सामू मोजला गेला. पिल्लांचा सरासरी ६.८, उडू लागलेल्यांचा आणि प्रौढांचा ६.१. आकडे जवळचे वाटतात, पण सामूच्या मापात याचा अर्थ प्रौढांचं तोंड सुमारे पाचपट आम्ल. परजीवीला उदासीनच्या आसपासचं वातावरण मानवतं. म्हणजे पिल्लाच्या तोंडात त्याची सोय आणि प्रौढाच्या तोंडात अडचण. प्रतिपिंड नाही, पांढरी पेशी नाही, निव्वळ लाळेच्या आम्लतेतला हा फरक! रक्ताच्या थेंबात प्रतिकारशक्ती शोधणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

पिल्लं एवढी मरतात म्हणजे शहर हा या पक्ष्यासाठी सापळाच, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. मॅनन आणि सहकाऱ्यांनी पुढे जन्ममृत्यूचा पूर्ण हिशेब मांडला, तेव्हा २००८मध्ये वेगळं चित्र पुढे आलं. उडून गेलेली पिल्लं आणि प्रौढ शहरात चांगले जगत होते, त्यामुळे संख्या घटत नव्हती. पिल्लांचे हाल मात्र त्यानं खोटे ठरत नाहीत.

हा परजीवी कबुतरांबरोबर जगभर पोचलेला आहे. दाणापाण्याच्या सामाईक भांड्यांतून तो पसरतो आणि कोरडेपणात तग धरत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीगच्चीवर पक्ष्यांसाठी परळ ठेवली जाते. ती रोज घासावी, उन्हात खडखडीत वाळवावी, मगच भरावी. आणि शिक्र्याचं किंवा घारीचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं, तर त्याला कबुतराचं मांस भरवू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.