शहरांतले रस्ते आणि मालमोटारी

लातूरच्या गंज गोलाईपासून सोळा रस्ते फुटतात. मधली दुमजली गोल इमारत १९१७ सालीं उभी राहिली आणि भोंवतीं पेठा वसल्या. त्या काळीं माल येई तो बैलगाडींतून. गाडी अरुंद, चाल मंद, आणि समोर मूल धांवत आलें तर बैल आपण होऊन थबकत. त्याच रस्त्यांकडे आज दहा चाकांची मालमोटार वळते. आपण सारे तिला ट्रक म्हणतों, मीहि पुढें तसेंच म्हणेन. तीन आंसांच्या अशा ट्रकाचें मालासकट वजन २५ टनांहून अधिक असूं नये असा नियम २०१८ पर्यंत होता. त्या वर्षीं जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें ती मर्यादा २८.५ टनांवर नेली. पेठेची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली.

नांदेडची अडचण निराळी. जुनें शहर, मोंढा आणि हुजूर साहिबचा गुरुद्वारा गोदावरीच्या उत्तर तीरावर. सिडकोची वसाहत दक्षिणेस. लोह्याकडून व देगलूरकडून येणारी वाहतूक अर्धापुराकडे जावयाची म्हणजे नदी ओलांडल्यावांचून गति नाहीं. पूल हें अशा वेळीं नरसाळ्याचें तोंड होतें. त्यांतच दूरदेशाहून आलेले यात्रेकरू स्टेशनापासून दर्शनास पायीं निघालेले असतात.

ट्रकानें रस्त्याचें होतें काय, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील ओटावा गांवाजवळ १९५८ ते १९६० या काळांत खास बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी शिपायांकरवीं भरलेले ट्रक सुमारें दोन वर्षें सतत फिरविण्यांत आले. त्यांतून असें दिसलें कीं आंसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची हानि दुप्पट होत नाहीं. ती जवळजवळ सोळापट होते. लहान मोटारीच्या आंसावर पाऊण टन भार धरला आणि ट्रकाच्या चार टायरांच्या एका आंसावर कायदेशीर साडेअकरा टन, तर या हिशेबानें ट्रकाचा एक आंस मोटारीच्या पन्नास हजार आंसांना भारी पडतो. त्याच आंसावर कोणीं चौदा टन घातले तर हानि आणखी दुपटीवर जाते. मराठवाड्याची काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर अंथरलेला डांबराचा पातळ थर आणि त्याखालीं नळ व गटारें. फुटलेल्या नळाचा दोष आपण नगरसेवकाला देतों, आणि तो कांहीं अंशीं त्याचा असतोहि.

पण खड्डा बुजवितां येतो. अधिक काळजी वाटते ती माणसांची. ट्रकाचा चालक उंच बसतो. त्याच्या डाव्या दारालगत आणि अगदीं पुढच्या बाजूस कांहीं हात जागा अशी असते कीं तेथील सायकलस्वार त्याला दिसतच नाहीं. ट्रक डावीकडे वळला म्हणजे मागचीं चाकें पुढच्या चाकांपेक्षां आंतून जातात, आणि कडेनें चाललेला त्या आंतल्या कोनांत सांपडतो. लातुरांत हजारों विद्यार्थी शिकवणीसाठीं परगांवाहून येऊन राहतात. उद्योगभवनाच्या परिसरांत वर्ग सुटतात तेव्हां रस्ता सायकलींनीं भरून जातो. तेथें चालकाच्या सावधपणावर सारा भरंवसा ठेवणें मला शहाणपणाचें वाटत नाहीं.

मग ट्रक बंद करावेत काय? येथें दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. ज्या ट्रकाचें शहरांत कांहींच काम नाहीं, तो शहरांत येऊंच नये. तुळजापूर-नागपूर हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग लातूर व नांदेड या दोन्हीं शहरांना जोडतो. त्यावरून नागपुराकडे निघालेल्या मालाला पेठेचें प्रयोजन काय? त्याला वळणरस्ता हवा. मात्र वळणरस्त्याच्या कडेला दुकानें व घरें होऊं दिलीं कीं दहा-वीस वर्षांत तोच शहराचा मुख्य रस्ता होतो. लातूरच्या रिंग रोडच्या दोन्हीं बाजूंस वस्ती कशी पसरली हें तेथील श्रोत्यांना ठाऊक आहे.

दुसरा प्रकार मोंढ्यांत येणाऱ्या ट्रकांचा. सोयाबीन आणि तूर यांचा लातूरचा बाजार देशांत नांवाजलेला आहे. तेथें ट्रक बंद करणें म्हणजे शेतकऱ्याचा माल अडविणें. येथें बंदी वेळेची असावी.

कायद्यांत यास आधार आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ११५ अन्वयें राज्य सरकारला, किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं अथवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळें ठराविक वाहनांना ठराविक रस्ता बंद करतां येतो. बंदी एका महिन्याहून अधिक काळाची असल्यास राजपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. त्याहून कमी असल्यास स्थानिक प्रसिद्धि पुरते. नांदेडास दसऱ्याच्या वा होळीच्या मिरवणुकीपुरती वाहतूक वळवावयाची तर हा दुसरा मार्ग सोयीचा.

वेळ कोणती ठेवावी, यावर मात्र मतभेद पुरातन आहे. ख्रिस्तपूर्व ४५ च्या सुमारास रोम शहरांत सूर्योदयापासून दहाव्या तासापर्यंत मालगाड्यांना मज्जाव झाला. देवळें व सरकारी बांधकामें यांच्या गाड्यांना तेवढी सूट होती. पुढें तेथील एका उपरोधकारानें रात्रीच्या गाड्यांच्या खडखडाटामुळें झोंप येत नाहीं अशी तक्रार केली. लंडननें उलट केलें. तेथें १९८५ पासून १८ टनांहून जड ट्रकांवर रात्रीं व आठवड्याच्या अखेरीस निर्बंध आहेत.

आपल्याकडे दिवसाची बंदी सुचविली जाते, आणि मला ती मान्य आहे. पण तिची किंमत कोण देतो हें पाहावें. रात्रीं ट्रक आला तर रात्रीं पोतीं उतरविणारा हमालहि हवा. महाराष्ट्रांत माथाडी कामगारांचा कायदा १९६९ सालीं झाला. रात्रीच्या कामाची मजुरी त्या हिशेबानें आधीं ठरवावी, मग फलक लावावा. तसाच चालक. १९६१ च्या कायद्यानें त्याचें काम दिवसाला आठ तासांचें ठरविलें होतें. सकाळीं नाक्यावर पोंचलेल्या चालकाला रात्रीपर्यंत उन्हांत कडेला थांबविलें तर तोच थकलेला माणूस अंधारांत आपल्या गल्लींत गाडी घालणार. त्याच अधिनियमाच्या कलम ११७ मध्यें वाहनतळ ठरविण्याची तरतूद आहे. तळ, पाणी, शौचकूप आणि सांवली एवढें तरी बंदीच्या आधीं झालें पाहिजे.

अपवादहि विचारपूर्वक ठरवावेत. दूध, औषधें, अग्निशामक गाड्या हे उघड आहेत. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. शहरांत तें लोकांपर्यंत नेलें टँकरांनींच. अवजड वाहन म्हणून त्यांना तेव्हां कोण अडविणार होतें? उलट उसाच्या हंगामांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळीं मागच्या दिव्यांवांचून चालतात. त्यांना ट्रक म्हणत नाहींत एवढ्यासाठीं ते बंदींतून सुटूं नयेत.

शेवटीं एक लहान गोष्ट, जी नेहमी चुकते. बंदीचा फलक चौकांत लावतात. तो वाचेपर्यंत ट्रक आंत शिरलेला असतो. मागें रिक्षा, पुढें गर्दी, आणि वळावयास जागा नाहीं. फलक त्या तिठ्यावर हवा जेथून वळणरस्ता फुटतो, रात्रीं दिसेल असा, आणि देगलूरच्या वाटेवर तो तेलुगु लिपींतहि असावा.