शाळा सुटलेल्या लेकीचा घरचा अभ्यास

आज बोलायचंय ते शाळा सुटलेल्या, पण शिकणं सुटू नये अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींबद्दल.

आमच्या वसईच्या गटातल्या एकीची मुलगी नववीत नापास झाली आणि शाळेत पाऊल ठेवणार नाही म्हणून अडून बसली. आजी म्हणाली, घरकाम शिकू दे, दोन-तीन वर्षांत स्थळं बघू. आई म्हणाली, निदान दहावी तरी होऊ दे. आम्ही आईच्या बाजूने होतो, पण वाट कुठली ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.

चौकशी केली तेव्हा दोन वाटा कळल्या. एक म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज. बाहेरून बसायचं, पण परीक्षा सगळ्यांची तीच. आपला पालघर जिल्हा मंडळाच्या मुंबई विभागात येतो. अर्ज ऑनलाइन भरतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड आणि फोटो लागतो.

दुसरी वाट केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. वय १४ पूर्ण हवं. दहावीला पाच विषय, माध्यम मराठीही घेता येतं. आणि मुख्य म्हणजे पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. नोंदणी ५ वर्षं चालते, त्यात ९ संधी मिळतात, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. नापास शब्दाला घाबरलेल्या पोरीला हे ऐकून पहिल्यांदा हायसं वाटलं. तिने हीच वाट धरली.

आता खरी गोष्ट सांगतो. पुस्तकं आली आणि दोन महिने पिशवीतच राहिली. आई ओरडायची, मुलगी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायची. शेवटी गटाच्या बैठकीत आम्ही तिचा दिवस मोजला. पहाटे वाडीत मोगरा खुडणं, मग पाणी, धाकट्याची शाळेची तयारी, दुपारची भांडी, संध्याकाळी गजरे. "घरीच आहेस ना" म्हणून प्रत्येकाने तिच्यावर एकेक काम टाकलं होतं, आणि टाकणाऱ्यांत आम्हीही होतो. शाळेत जाणाऱ्या भावाला मात्र कोणी हाक मारत नव्हतं. तिला अभ्यासाची गोडी नाही असं म्हणत होतो, पण अभ्यासाला वेळ कुठे ठेवला होता?

मग वेळ बांधून दिली. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी एक तास, तोही घरात नाही, गटातल्या दुसरीच्या ओटीवर. पाहुणे आले तरी त्या वेळात हाक मारायची नाही. आजीचं मन वळवायला महिना गेला.

गणिताची भीती मात्र तशीच होती. एकदा तिने मोगऱ्याचा भाव वहीत लिहायला घेतला. समजा, किलोला २०० रुपये असलेला भाव १५० वर आला, तर किती टक्के उतरला? २५. मग १५० वरून परत २०० झाला, तर किती चढला? आम्ही सगळ्या म्हटलं, २५. ती म्हणाली, नाही, ३३, कारण आता मोजायचं ते १५० वरून. आम्हाला पटायला वेळ लागला. पुढच्या बैठकीत तिने आमच्या कर्जाचं व्याज मांडून दाखवलं. महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४. ५००० घेऊन वर्षभर मुद्दल फेडलं नाही, तर व्याजच १२००. बायका गप्प झाल्या. त्या दिवसापासून गटाची वही तीच लिहिते, आणि पुस्तक काढ असं तिला क्वचितच सांगावं लागतं. बक्षिसाच्या आमिषाने जे झालं नाही, ते आपला कोणाला उपयोग होतोय हे दिसल्यावर झालं.

मुंबईच्या मालविका जोशी हिचं नाव काहींनी ऐकलं असेल. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढून घरी शिकवलं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिला तीन पदकं मिळाली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. पण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून आपल्या आयआयटीची दारं तिला बंद होती. तिच्या आईने त्यासाठी नोकरी सोडली होती. आपल्याला वाडी सोडून चालत नाही. म्हणून आपल्या मुलींनी हवं ते शिकावं, पण परीक्षेचा कागदही हातात ठेवावा, असं आम्हाला वाटतं.

आमच्या मुलीने एप्रिलच्या परीक्षेत दोन विषय दिले. मराठी सुटला, गणित थोडक्यात राहिलं. दोन दिवस रडली. नंतर स्वतःच म्हणाली, ऑक्टोबरमध्ये परत बसते. स्थळाचा विषय आजीने अजून काढलेला नाही.

तुमच्याकडे असं मूल असेल तर आधी शाळेतून दाखला आणून ठेवा. १७ नंबरला मूळ दाखला मागतात. तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि त्यात मुदत निघून जाते.