मध्येच टपकणारी चौकट

दारावरची बेल वाजली की आई हातातलं काम टाकून दार उघडते. बाहेर पोस्टमन असला तर ठीक; पण कुणी उगाच बेल वाजवून पळालं तर? संगणकाच्या पडद्यावर मध्येच टपकणाऱ्या चौकटीचं अगदी तस्संच असतं. 'ही फाइल कायमची पुसायची का?' असं ती विचारते, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढं सरकू देत नाही! हिचं नाव डायलॉग बॉक्स.

१९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या १० दिवसांत जावास्क्रिप्ट भाषेचा पहिला आराखडा रचला. तिच्यातून तीन तयार चौकटी बोलावता येतात. 'अलर्ट' नुसतं सांगते, 'कन्फर्म' होय-नाही विचारते, 'प्रॉम्प्ट' चार अक्षरं लिहून घेते. पण त्यांचं रंगरूप आपल्याला बदलता येत नाही.

त्यासाठी एचटीएमएलमध्ये 'डायलॉग' हा खास टॅग आहे. २०२२ पासून सगळे प्रमुख ब्राउझर तो ओळखतात. करून बघायचंय? नोटपॅडमध्ये 'डायलॉग'चा उघडणारा आणि बंद करणारा टॅग लिहा (अर्थात इंग्रजी अक्षरांत), मध्ये तुमचा प्रश्न लिहा आणि फाइलच्या नावाला 'एचटीएमएल' हे शेपूट लावून ती जतन करा. पान उघडलंत तर काहीच दिसणार नाही! घाबरू नका, चौकट मिटलेली आहे. तिला एक आयडी द्या, बाहेर एक बटण ठेवा, आणि ते दाबल्यावर 'शोमोडल' ही आज्ञा चालेल असं करा. यातला 'एम' मोठ्या लिपीतला हवा; माझं गाडं तिथंच अडलं होतं! आता बटण दाबा. चौकट मधोमध उभी, मागचं पान किंचित अंधारलेलं, तिथली बटणं मुकी. चौकटीच्या आत फॉर्म घालून त्याच्या 'मेथड'पुढं 'डायलॉग' लिहिलंत, की आतलं बटण दाबताच ती मिटते. एस्केप दाबूनही मिटते.

नव्वदच्या दशकात ईथन झुकरमन यांनी ट्रायपॉड कंपनीसाठी, जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. पुढं अशा खिडक्यांनी लोक इतके वैतागले, की ब्राउझरनाच त्या अडवाव्या लागल्या. २०१४ साली झुकरमन यांनी चक्क जाहीर माफी मागितली!

आता तुम्हीच चौकट बनवलीत, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली असेल. बटणावर 'नाही' लिहिलं, तरी ते दाबल्यावर काय व्हायचं हे ठरवतो पान बनवणारा. म्हणून 'तुम्हाला बक्षीस लागलंय!' किंवा 'संगणकात व्हायरस शिरलाय!' अशी चौकट अवचित टपकली, तर 'होय' दाबू नका आणि 'नाही'सुद्धा दाबू नका. वरचा टॅबच बंद करा, आणि घरातल्या मोठ्यांना हाक मारा.