कोंबडीच्या पुढ्यात काय?

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारी-बंदीचे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर कोंबडीविक्रेत्यांच्या सुगीचे असतात. ट्रॉलर नांगरलेले, बाजारात येते ती बर्फातली मासळी आणि तिचाही दर न परवडणारा. अशा वेळी मत्स्याहारी घरातील गृहिणी ब्रॉयलर कोंबडीकडे वळते. ती वजन पाहते, दर विचारते, ताजेपणा पारखते. ही कोंबडी काय खाऊन वाढली, हे मात्र ती विचारीत नाही. आणि विचारले, तरी दुकानदारापाशी त्याचे उत्तर नसते. हा प्रश्न आता विचारला गेला पाहिजे, कारण कोंबडीच्या खाद्यातील प्रथिन बदलू लागले आहे.

ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरते. त्यासाठी तिच्या खाद्यात २० ते २२ टक्के प्रथिन लागते. कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन-तृतीयांश खर्च एकट्या खाद्यावर होतो. मका ऊर्जा पुरवितो आणि सोयापेंड प्रथिन. २०२१ साली या पेंडीचा भाव किलोला शंभर रुपयांच्या घरात जाऊन पोहोचला, तेव्हा ज्या देशात कापसावाचून दुसरे कोणतेही जनुकीय बदल केलेले पीक पेरण्यास मोकळीक नव्हती, त्याच देशाच्या सरकारने तशा सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास ऑगस्टमध्ये अनुमती दिली. कुक्कुटपालकांची अडचण खरी होती. परंतु एकाच पेंडीवर सारा व्यवसाय उभा असला, की टंचाईच्या काळात धोरणही कसे वाकते, हे त्यातून दिसले. पर्यायी प्रथिनांचा शोध म्हणूनच आवश्यक आहे. मात्र त्याची कसोटी केवळ भाव ही असता कामा नये.

कोंबडीची पचनसंस्था गाई-म्हशींसारखी नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात खाद्यातील स्निग्धांशाचे रूप बरेचसे पालटते. कोंबडीच्या अंगी तो जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. प्रथिनाचेही असेच आहे. त्यात लायसिनसारखी आवश्यक अमिनो आम्ले अपुरी पडली, तर छातीचे मांस कमी भरते आणि पोटात चरबी साठते. अशी कोंबडी तराजूत पुरी भरेल, ताटात नव्हे.

मासळीच्या भुकटीचा अनुभव आपल्या जवळचा आहे. पूर्वी तारल्यांचा ढीग पडला, म्हणजे उरलेले तारले माडांना खत म्हणून जात. पुढे सुकी मासळी आणि तिची भुकटी कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली जाऊ लागली. प्रथिन उत्तम, पण प्रमाण वाढले की मांसाला आणि अंड्यांना उग्र वास येतो, हे जुन्या कुक्कुटपालकांना ठाऊक आहे. आज या भुकटीचा मोठा वाटा कोळंबीच्या आणि माशांच्या खाद्याकडे वळला आहे. शिवाय समुद्र म्हणजे अक्षय कोठार नव्हे. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली सापडली होती. २०२१ साली ती ३ हजार ३०० टनांवर आली. समुद्राचे पालटलेले मान हे त्याचे मोठे कारण होते आणि पुढे ती काहीशी सावरलीही. परंतु गरिबाच्या ताटातली मासळी दळून कोंबडीपुढे टाकणे हा पर्याय नव्हे, हे सांगण्यास एवढे पुरे आहे.

पेंडींचीही कथा सावध करणारी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशी, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. आज इथेनॉलच्या कारखान्यांतून धान्याचा आंबवून सुकविलेला चोथा विपुल येत आहे. तो स्वस्त आहे, प्रथिनयुक्तही आहे. पण धान्यातील पिष्ट निघून गेल्यावर मूळ दाण्यात बुरशीचे विष असल्यास ते चोथ्यात सुमारे तिपटीने दाट होते. आपल्या दमट हवेत गोदामात पडलेल्या पोत्याचे काय होते, हे निराळे सांगावयास नको.

नवा पर्याय आहे किड्यांचा. ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्यांची भुकटी कोंबड्यांना देण्यास युरोपीय संघाने २०२१ साली मुभा दिली. नाक मुरडण्याचे कारण नाही; अंगणातली गावठी कोंबडी किडेच टिपत आली आहे. या अळ्यांच्या चरबीत खोबरेल तेलातले लॉरिक आम्ल भरपूर असते आणि त्यांचे प्रमाण वाढविल्यास मांसातील संपृक्त स्निग्धांश वाढतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अळ्या कशावर पोसल्या, हे. कॅडमियमसारखा विषारी धातू त्यांच्या अंगी साठतो. म्हणून युरोपात त्यांना शेणखत वा खानावळीतले खरकटे घालण्यास मनाई आहे. आपल्याकडे ‘कचऱ्यातून प्रथिन’ ही घोषणा कानाला गोड लागेल. ती देणाऱ्यांनी ही अट आधी वाचावी.

यात कुक्कुटपालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. करारावर कोंबड्या वाढविणाऱ्याला पिल्ले आणि खाद्य दोन्ही कंपनी देते. पोत्यात काय आहे, हे अनेकदा त्यालाही ठाऊक नसते. तेव्हा आमची मागणी साधी आहे. खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर प्रथिन कशापासून आले आणि किती, हे शेतकऱ्याला वाचता येईल अशा भाषेत छापले जावे. बुरशीच्या विषाची तपासणी नियमाने व्हावी, विशेषतः पावसाळ्यात, आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत. आपल्या बाजारात कर्नाटक आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या कोंबड्यांनाही हाच नियम लागू असावा.

आपल्या घरांत मासळी घेताना कल्ला उचलून पाहण्याची रीत आहे. कोंबडीला तशी खूण नाही. तिचे खाद्य डोळ्यांना दिसत नाही. जे ग्राहकाला दिसत नाही, ते पाहण्यासाठीच शासन असते.