महानगराचे सांडपाणी आणि लहान शेतकरी

मानवजातीच्या उद्याच्या अन्नाचा विचार करताना विस्तीर्ण शेते, यंत्रे आणि रासायनिक खते यांचेच चित्र सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. दोन हेक्टरांहून लहान शेते जगातील शेतजमिनीचा सुमारे आठवा भाग व्यापतात. परंतु जगातील अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश अन्न त्यांवर पिकते, असा अंदाज आहे. भारतात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार दर शंभर वहिती खातेदारांपैकी ८६ जणांची जमीन दोन हेक्टरांहून कमी होती. तरीही लहान शेतकरी हा मागासलेल्या काळाचा अवशेष होय, अशी समजूत प्रचलित आहे. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी कलकत्ता, म्हणजे आजचे कोलकाता, या महानगराच्या पूर्व सीमेवर जावयास हवे.

कोलकात्याची जमीन हुगळीच्या काठाकडून पूर्वेकडे उतरत जाते. त्यामुळे नगराचे सांडपाणी स्वाभाविकपणेच पूर्वेकडील दलदलीच्या प्रदेशाकडे वाहते. एके काळी तेथे खाऱ्या पाण्याची सरोवरे होती व विद्याधरी नदीतून त्यांत भरतीचे पाणी येत असे. ही नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. खारे पाणी आटले, तशी तेथील मासळीही नाहीशी होऊ लागली. तेव्हा तेथील मत्स्यव्यावसायिकांनी नगराचे सांडपाणी तळ्यांत घेऊन गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याचा प्रयोग केला. १९३० च्या सुमारास तो यशस्वी झाला आणि हळूहळू सर्वत्र पसरला. बंगालीत या तळ्यांना ‘भेडी’ म्हणतात.

या तळ्यांचे कार्य समजण्यास कठीण नाही. तळे आटवून त्याचा तळ वाळू देतात, गाळ काढतात आणि मग त्यात सांडपाणी सोडतात. पाणी उथळ असल्यामुळे सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो. जीवाणू सेंद्रिय घाणीचे विघटन करतात. त्यातून सुटी झालेली पोषकद्रव्ये घेऊन सूक्ष्म शैवाल वाढते आणि वाढताना पाण्यात प्राणवायू सोडते. काही आठवड्यांनी पाणी निवळले, की त्यात रोहू, कटला, मृगळ इत्यादींचे मत्स्यबीज सोडतात. शैवाल व त्यावर जगणारे सूक्ष्म जीव हेच माशांचे खाद्य. शैवाल बेसुमार वाढल्यास पाणी नासते. मासे ते खाऊन समतोल राखतात. काठाने लावलेली जलपर्णी लाटांपासून बांधांचे रक्षण करते व पाण्यातील काही जड धातू शोषून घेते. सांडपाणी किती व केव्हा सोडावे, हे मच्छीमार पाण्याच्या रंगावरून व वासावरून ठरवितात. हे ज्ञान अनेक पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे.

मुंबईत लोहमार्गाच्या कडेला गटाराच्या पाण्यावर पिकणारी पालेभाजी अनेक वाचकांनी पाहिली असेल. तिच्याविषयी वाटणारी शंका रास्त आहे. कारण तेथे पाणी नाल्यातून सरळ पिकावर येते. भेडीत मात्र पाण्याला सूर्यप्रकाश आणि काळ मिळतो. भेडीतून बाहेर पडणारे पाणी पुढे भातखाचरांस मिळते. धापा येथे नगराचा कचरा टाकून तयार झालेल्या जमिनीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भाजीपाला पिकत आला आहे. तळी, भाजीमळे, भातशेती व वस्त्या मिळून हा प्रदेश सुमारे १२,५०० हेक्टरांचा आहे. येथून वर्षाकाठी दहा हजार टनांहून अधिक मासळी नगरास मिळते, असा अंदाज आहे. ती जवळच पिकत असल्याने वाहतुकीचा खर्च वाचतो व गरिबांच्या ताटातही मासा येतो. शिवाय सांडपाणी शुद्ध करण्याचा मोठा भार नगराच्या तिजोरीवर पडत नाही.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे नव्हे. कित्येक मोठी तळी खाजगी मालकांची अथवा भाडेपट्टेदारांची असून तेथील कुशल मच्छीमार केवळ मजूर आहेत. काही ठिकाणीच त्यांच्या सहकारी संस्था आहेत. चामडे कमावण्याच्या कारखान्यांतून येणारे क्रोमियम सूर्यप्रकाशाने नष्ट होत नाही. ते उगमापाशीच अडविले पाहिजे. परंतु सर्वांत मोठे संकट जमिनीच्या किमतीचे आहे. १९६० नंतरच्या दशकात हुगळीचा गाळ टाकून याच पाणथळीचा उत्तर भाग बुजविण्यात आला व त्यावर बिधाननगर वसले. तेव्हापासून तळी बुजवून घरे बांधण्याचा मोह कधी ओसरला नाही.

राज्य शासनात अभियंता असलेल्या ध्रुवज्योती घोष यांनी १९८० नंतरच्या काळात या व्यवस्थेचा शास्त्रीय अभ्यास केला आणि अशिक्षित समजल्या जाणाऱ्या मच्छीमारांना आपले गुरू मानले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ मध्ये रामसर करारान्वये या प्रदेशाचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत समावेश झाला व २००६ मध्ये राज्याने त्याच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही बेकायदा भराव व बांधकामे पूर्णपणे थांबलेली नाहीत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. लहान शेतकऱ्याचे सामर्थ्य केवळ त्याच्या कष्टांत नाही. ज्याला इतर लोक टाकाऊ समजतात त्यातून अन्न निर्माण करण्याच्या त्याच्या ज्ञानात ते आहे. परंतु हे ज्ञान जमीन व पाणी यांच्याशी बांधलेले असते. तळे बुजले की ते शिकण्याची व शिकविण्याची जागाच उरत नाही. मग त्याच सांडपाण्यासाठी नगराला यंत्रे उभारावी लागतील आणि मासळी दुरून विकत आणावी लागेल. तेव्हा उद्याच्या अन्नाच्या योजनांत लहान शेतकऱ्याला स्थान द्यावयाचे असेल, तर प्रथम त्याच्या पायाखालची जमीन सुरक्षित केली पाहिजे.